बॉनेटवर हात

जुनी डिझेल गाडी घेताना काय काय बघावं, हे तपासनीसांना सहज म्हणून विचारू नका. विचारायचंच असेल तर आधी घरी कळवून ठेवा, जेवायला थांबू नका म्हणून. गृहस्थ सज्जन आहेत, निर्व्यसनी आहेत, पण एकदा इंजिन ऑइलच्या झाकणापासून सुरुवात झाली की सायलेन्सरच्या टोकापर्यंत पोचल्याशिवाय ते समोरच्याला उठू देत नाहीत. मधे चहा मिळतो, तेवढाच आधार.

त्यांची नोकरी वीज कंपनीत, मीटर तपासायची. कुणाचं मीटर हळू फिरतंय, कुणाचं फिरतच नाहीये, कुणी बाहेरून तार घेतलीय, कुणी आकडा मागे नेलाय, हेच इतकी वर्षं बघत आल्यामुळे आकडा या वस्तूवरचा त्यांचा विश्वास पार उडाला होता. भिंतीवरच्या घड्याळातली वेळ ते मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघत, आणि मनगटावरची बायकोला विचारून. ‘मला कोणी फसवू शकत नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडात कायमचं बसलं होतं. घरातली माणसं त्यावर मुकाट्याने मान डोलवत, कारण विरोध केला की उदाहरणं सुरू होत.

त्यांची बायको शाळेत शिकवायची. सगळी सोसायटी तिला बाई म्हणे, म्हणून आपणही बाईच म्हणू. तर या बाईंना बढती आली. डोंगरापलीकडच्या गावातल्या शाळेत मुख्याध्यापिका. यापूर्वीही एकदा आली होती, पण तेव्हा मुलगी लहान होती, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, आणि ‘नको’ असं बाईंनी स्वतःच म्हणून टाकलं होतं, म्हणजे दुसऱ्या कुणाला म्हणायची वेळ यायला नको. आता मुलगी कॉलेजात होती, सासूबाई राहिल्या नव्हत्या, आणि अडचण एकच होती. डोंगरापलीकडे जाणारी पहिली बस शाळेची घंटा होऊन गेल्यावर पोचायची. मुख्याध्यापिकाच रोज उशिरा यायला लागली तर पोरांना कोणत्या तोंडाने बोलणार? पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. नाही झालं तर ती जागा यादीतल्या पुढच्या गुरुजींना जाणार होती, आणि त्या गुरुजींनी आरशासमोर भाषणाची तालीम सुरू केल्याचं शाळेत सगळ्यांना माहीत होतं.

पत्र आलं त्या संध्याकाळी बाईंनी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “या वेळी मी जाणार आहे.”

एवढंच. आवाज चढवला नाही की काही नाही. मागच्या वेळी आपण गप्प बसलो होतो, हे तपासनीसांना चांगलं आठवत होतं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की गाडी घ्यायची. नवीन गाडी परवडणारी नव्हती, म्हणजे जुनी. रोजचं अंतर मोठं आणि मधे चढाचा रस्ता, म्हणजे डिझेल. आणि आपल्या खिशाला झेपेल अशी डिझेल म्हणजे भरपूर चाललेली. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं. गोंधळ झाला तो तपासनीस पुढे जे म्हणाले त्याने. ते म्हणाले, “ते माझ्यावर सोड. आपला धंदाच तपासायचा आहे.”

आता गाडी घ्यायची म्हटल्यावर खालच्या मजल्यावरच्या सर्वज्ञांना कळवणं भाग होतं. सर्वज्ञ हे अर्थात त्यांचं खरं नाव नाही, पण खरं नाव काय ते पोस्टमन सोडून कुणाला ठाऊक नसावं. त्यांनी आयुष्यात एक स्कूटर वापरली होती आणि तीसुद्धा बहुतेक वेळ ढकलत. त्या जोरावर ते विमानापर्यंत कोणत्याही वाहनाबद्दल बोलत. पण गंमत अशी की या बाबतीत ते बोलले ते अगदीच चुकीचं नव्हतं. ते म्हणाले, डिझेल गाडी बघायची तर थंड बघायची. तापलेलं इंजिन म्हणजे पावडर लावून बसलेला माणूस, काही कळत नाही. खरी परीक्षा थंड असताना. दमलेलं इंजिन थंडीत नीट उचलत नाही, खोकतं, धूर सोडतं. म्हणून विकणारा लबाड असला की गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी फिरवून तापवून ठेवतो. तेव्हा गेल्या गेल्या नमस्काराच्याही आधी काय करायचं? बॉनेटवर हात ठेवायचा. गार लागलं तर पुढे बोलायचं.

तपासनीसांना हे इतकं पटलं की त्या दिवसापासून बॉनेटवर हात हा त्यांचा धर्मच झाला. शिवाय ते स्वतः पुस्तकं वाचू लागले, मोबाइलवर व्हिडिओ बघू लागले, कंपनीच्या गाडीच्या ड्रायव्हरला चहा पाजून प्रश्न विचारू लागले. आणि रोज मिळवलेलं ज्ञान रात्री जेवताना घरात वाटू लागले. किल्ली फिरवली की समोर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं, मगच स्टार्ट करायची. थंड इंजिनाला कधी रेटायचं नाही, आधी तेल वर चढू द्यायचं. आणि लांबून आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, इंजिनात हवा कोंबणारा टर्बो गरगरत असतो, त्याला जरा निवू द्यायचं. “निवू द्यायचं,” असं म्हणताना ते स्वतःच्या ताटातली आमटी फुंकत. मुलगी टेबलाखाली मोबाइल धरून बसायची. बाई मात्र वाढता वाढता ‘हं’ म्हणत. बायकोचं ‘हं’ म्हणजे ती ऐकत नाहीये अशी नवऱ्यांची समजूत असते, तशी यांचीही होती.

गाडी चालवणार कोण, हा प्रश्न घरात निघालाच नव्हता. तपासनीसांनी तो गृहीत धरला होता. सकाळी बाईंना पोचवायचं, परत येऊन ऑफिस गाठायचं, संध्याकाळी पुन्हा आणायला जायचं. हे सगळं एका माणसाला एका दिवसात जमेल का, हे त्यांनी तपासलेलं नव्हतं. बाई रोज सकाळी दूध आणायच्या निमित्ताने कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर हात साफ करून येत होत्या. लायसन त्यांच्याकडे लग्नाआधीपासूनचं होतं. तपासनीस त्याला ‘हौस’ म्हणत.

पहिली गाडी एका एजंटाने दाखवली. एजंट अतिशय नम्र होता. तपासनीस रिक्षातून उतरले ते थेट बॉनेटवर हात ठेवायला धावले, आणि हात झटकून मागे आले. बॉनेट तवा झालं होतं. एजंट म्हणाला, साहेब, तुमच्यासाठी आत्ता धुऊन आणली. तपासनीस म्हणाले, धुतलेली गाडी गार होते. एजंट म्हणाला, गरम पाण्याने धुतली साहेब. तपासनीसांनी मग गाडी किती किलोमीटर चालली तो आकडा बघितला. आकडा इतका कमी होता की गाडी बहुधा देवघरात ठेवत असावेत. पण ब्रेकच्या पायट्यावरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, सीटचा कडेचा भाग फाटलेला, स्टिअरिंग हाताने चकाकलेलं. एवढं कमी चाललेल्या गाडीचं रबर झिजवलं कुणी, उंदरांनी? तपासनीसांनी एजंटाकडे मीटरचोराकडे बघतात तसं बघितलं आणि काही न बोलता रिक्षात बसले. त्या रात्री जेवताना त्यांची कळी खुललेली होती. पहिलाच दरोडा पकडला होता.

इथेच खरं तर त्यांच्या अंगात आलं. कारण दुसऱ्या गाडीच्या वेळी त्यांनी ठरवलं की विकणाऱ्याला तापवायला वेळच द्यायचा नाही. त्याने सकाळी नऊला बोलावलं होतं, हे उजाडताच पोचले. सोसायटी मोठी होती आणि खाली गाड्यांची रांग लागलेली. आपली गाडी पांढरी आहे एवढंच त्यांना माहीत होतं. पांढऱ्या गाड्या मात्र रांगेत जवळपास सगळ्याच. तपासनीस माणूस पद्धतशीर. त्यांनी एका टोकापासून सुरुवात केली आणि एकेका बॉनेटवर हात ठेवत, डोळे मिटून गारवा अजमावत, पुढे पुढे सरकू लागले.

वॉचमनने हे बराच वेळ बघितलं. आधी त्याला वाटलं कुणी बाबा-महाराज असावेत, गाड्यांना आशीर्वाद देतायत. मग त्याने खांद्यावर हात ठेवून कोण, कुठले, काय पाहिजे, हे दमात घेऊन विचारलं. तपासनीसांची पाचावर धारण बसली, आणि घाबरलेला सरळमार्गी माणूस करतो तेच त्यांनी केलं. त्यांनी खिशातून ओळखपत्र काढलं.

ओळखपत्रावर लिहिलेलं होतं, वीज मीटर तपासनीस. वॉचमनने ते वाचलं आणि त्याचा चेहरा एकदम बदलला. तो वळला आणि त्याने कुणाला तरी वर हाक मारली. काय सांगितलं ते तपासनीसांना कळलं नाही, पण परिणाम दिसला. मजल्यामजल्यावरचे दिवे भराभर लागले आणि त्याहून भराभर विझले. एका गॅलरीतून कुणीतरी बनियनवर वाकून एक लांबलचक तार घाईघाईने आत ओढू लागला. तार मधेच कुंडीत अडकली. तो ओढतोय, कुंडी सरकतेय, आणि खाली तपासनीस मान वर करून उभे. कर्तव्य म्हणून धावत वर जावं, तर आपण इथे परक्या गाड्यांवर हात फिरवताना सापडलोय. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चोरी डोळ्यांदेखत बघून डोळे मिटून घेतले. गाडी विकणारा खाली आला तोवर अख्खी सोसायटी जिन्यात जमली होती. तो म्हणाला, साहेब, तुम्हाला गाडी नाही विकायची, तुम्ही आता जा, प्लीज. त्याचा आवाज रडवेला होता. तार बहुतेक त्याच्या भावाची होती.

हा प्रसंग तपासनीसांनी घरी सांगितलाच नाही. पण सर्वज्ञांची मावसबहीण नेमकी त्याच सोसायटीत राहत असल्याने संध्याकाळपर्यंत तो घरी पोचला. मुलगी हसून हसून सोफ्यावरून खाली पडली. बाई हसल्या नाहीत. कॅलेंडरसमोर उभ्या राहून त्या नुसत्या बघत राहिल्या.

तिसऱ्या गाडीला सर्वज्ञ स्वतः आले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी चालू करून सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरायचा. निळसर डाग म्हणजे इंजिन तेल पितंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. तपासनीस रुमाल घेऊन मागे उकिडवे बसले. सर्वज्ञांनी हाताने ‘वाढवा’ अशी खूण केली. विकणाऱ्याने वाढवलं. तपासनीस वाकून डाग काळा की निळा ते बघत होते, त्यामुळे रुमालावर किती आलं कुणाला कळलं नाही. चेहऱ्यावर भरपूर आलं. त्यानंतर चालू इंजिनावर तेलाचं झाकण उघडून नुसतं वर ठेवायचं आणि नाचतं का बघायचं होतं, नाचलं म्हणजे इंजिन आतून झिजलेलं; ते नाचलं, आणि नाचत नाचत इंजिनाच्या खोल कपारीत जाऊन पडलं. मग तपासनीस, सर्वज्ञ आणि गाडीवाला असे तिघे पोटावर पडून गाडीखाली हात घालून शोधत बसले. झाकण सापडलं. गाडी घ्यायची नाही हे ठरलं. गाडीवाल्याने आपला वेळ फुकट घालवल्याबद्दल तपासनीसांना जे ऐकवलं ते काळ्या तोंडाने ऐकून घेण्यापलीकडे इलाज नव्हता. तसेच ऑफिसला गेले. साहेबांनी विचारलं, कुठे आग लागली होती का?

त्यानंतरच्याही गाड्या झाल्या. कुणाचा क्लच थरथरायचा, कुणाच्या खालच्या पत्र्याला गंज, कुणाचा टायमिंग बेल्ट कधी बदलला हे कुणालाच सांगता येईना. तपासनीस प्रत्येकीत दोष शोधत, दोष सापडला की खूश होत, आणि खुशीत रिकाम्या हाताने घरी येत. पहिली तारीख अंगणात येऊन उभी राहिली तरी त्यांच्या ध्यानात नव्हतं. मग एका रविवारी बाईंनी भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली.

“अहो, मला गाडी हवीय. पुरावा नकोय मला.”

तपासनीसांनी वर बघितलं तर बाईंचे डोळे भरलेले होते. बाई पुढे म्हणाल्या की तुमच्याने होत नसेल तर तसं सांगा, मी त्या गुरुजींना फोन करते, मागच्यासारखंच होईल, मला सवय आहे. मग पुन्हा सुरी उचलून भाजी चिरू लागल्या. आपण जे करतोय ते बायकोसाठी करतोय अशी तपासनीसांची इतके दिवस समजूत होती. त्या दुपारी ते गच्चीवर जाऊन बराच वेळ एकटेच उभे राहिले, आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

पुढची गाडी बाईंनीच शोधली. शाळेच्या सूचनाफलकावर एक कागद होता, वळणदार अक्षरात लिहिलेला. डिझेल गाडी देणे आहे, खूप चालली आहे, आधी भेटू. खाली गुरांच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता होता. ‘खूप चालली आहे’ हे वाचूनच तपासनीसांची भुवई वर गेली. आपणहून असं कोण लिहितं? पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी भुवई खाली आणली.

डॉक्टरीणबाईंचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात दोन शेळ्या, एक लंगडं कुत्रं, आणि कधीकाळी पांढरी असलेली गाडी. डॉक्टरीणबाई साठीच्या, उंच, केस आखूड कापलेले, आणि बोलणं असं की गायसुद्धा सरळ उभी राहावी. त्यांचे गुडघे गेले होते, फिरती बंद झाली होती, म्हणून गाडी द्यायची होती. तपासनीस नेहमीप्रमाणे हात पुढे करून निघाले, तोच त्या म्हणाल्या, “ठेवा हात. तुम्ही येणार म्हणून कालपासून किल्लीला शिवले नाहीये.”

तपासनीसांनी हात ठेवला. बॉनेट गार होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा गार बॉनेट मिळालं, आणि त्यांना क्षणभर भरून आलं. पण लगेच त्यांनी आत वाकून आकडा बघितला आणि दचकले. तीन लाखांच्या वर. सहा आकडी. एवढा मोठा आकडा कुणी लपवायचा सोडून दाखवतं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. आकडे मागे नेणारे त्यांनी आयुष्यभर पकडले होते. पुढे नेणारा पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी पायट्याचं रबर बघितलं, ते झिजलेलं होतं. सीट बघितली, ती तेवढीच दमलेली होती. गाडीतलं सगळं आकड्याशी जुळत होतं आणि हेच त्यांना खटकत होतं.

मग त्यांनी प्रश्न काढले. पण प्रश्न तोंडातून निघायच्या आत डॉक्टरीणबाई उत्तरं देऊ लागल्या. टायमिंग बेल्ट नुकताच बदललाय. क्लच दुसरा आहे. डावीकडच्या मागच्या दाराची काच वर नेताना हाताने आधार द्यावा लागतो. पाऊस तिरका असला तर पुढे डाव्या पायाशी ओल येते. डिकीला बोकडाचा वास आहे, तो जाणार नाही, मी प्रयत्न करून बसलेय. तपासनीसांचे सगळे दोष दुसऱ्यानेच सांगून टाकल्यावर त्यांच्याकडे काही उरलं नाही. ते तिथे पाहुण्यासारखे उभे होते. शेळी त्यांच्या शर्टाचं टोक खात होती.

“झालं तुमचं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “मग आता माझं. चालवणार कोण?”

तपासनीस म्हणाले, अर्थात मी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग चालवून दाखवा. गिऱ्हाइकाने गाडी तपासायची असते हे तपासनीसांना माहीत होतं. विकणाऱ्याने गिऱ्हाईक तपासायचं असतं हे त्यांनी कुठल्याच व्हिडिओत बघितलं नव्हतं. इतरांना परीक्षेला बसवणाऱ्या माणसाला स्वतः बसायची पाळी आली की त्याचं जे होतं ते त्यांचं झालं. ते बसले आणि त्यांनी किल्ली सरळ शेवटपर्यंत फिरवली. वेटोळ्याचा पिवळा दिवा बिचारा समोर लागलेलाच होता. इंजिन खोकलं, थरथरलं, आणि ते बंद पडेल या भीतीने तपासनीसांनी जोरात पाय दाबला. गाडी अशी काही किंचाळली की कुत्रं लंगडत का होईना पण घरात पळालं. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. पुढे ते चढावर चौथ्यात गेले, उतारावर दुसऱ्यात आले, धापा टाकणारी गाडी अंगणात आणली आणि किल्ली फटकन बंद करून विजयी चेहऱ्याने खाली उतरले.

“तुम्हाला नाही द्यायची मला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या रागावल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या की एवढी चाललेली गाडी माणसाच्या हातावर जगते. या गाडीने मला किती गोठ्यांत वेळेवर पोचवलंय, ती अशी मारून टाकायला देववत नाही. तपासनीसांचा चेहरा साफ पडला. ओळखपत्र काढावं की काय असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, पण गेल्या खेपेचा अनुभव ताजा होता. पहिली तारीख परवावर आली होती. आता आपणच बायकोची शाळा घालवली, हे त्यांना लख्ख कळलं.

तेव्हा बाई म्हणाल्या, “मी बघू का जरा?”

बाई बसल्या. सीट पुढे घेतली, आरसा नीट केला. किल्ली अर्धी फिरवली आणि हात मांडीवर ठेवून थांबल्या. वेटोळ्याचा दिवा विझला. मग गाडी सुरू केली आणि पुन्हा थांबल्या, तेल वर चढेपर्यंत. गाडी मांजरासारखी गुरगुरत राहिली. मग त्या हळूच अंगणाबाहेर पडल्या, चढ चढल्या, वळणाआड गेल्या. डॉक्टरीणबाई आणि तपासनीस वळणाकडे बघत राहिले. पुन्हा शर्ट खायला आलेल्या शेळीनेही तो सोडला. परत आल्यावर बाईंनी गाडी उभी केली, पण बंद केली नाही. मांडीवर हात ठेवून शांत बसून राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आता कशाला थांबलात? बाई म्हणाल्या, टर्बोला निवू देते. डॉक्टरीणबाईंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी विचारलं, “हे कुणी शिकवलं तुम्हाला?”

बाईंनी तपासनीसांकडे बघितलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पण ते त्यांनी तिथेच ठेवलं. “यांनी,” त्या म्हणाल्या. “रोज जेवताना.”

गाडी बाईंच्या नावावर करायची, ही डॉक्टरीणबाईंची एकमेव अट होती. आणि हे? असं त्यांनी तपासनीसांकडे बोट करून विचारलं. हे बाजूला बसतील, असं बाईंनी सांगितलं. तपासनीसांना चौकशीत बाजूला बसवण्याचा हा पहिलाच प्रसंग, पण गाडी मिळतेय म्हटल्यावर ते बाजूलाच काय, डिकीत बोकडाच्या वासात बसायलाही तयार होते.

नाव बदलायच्या कचेरीत तेवढं एक नाट्य झालं. फॉर्मवर गाडीच्या आकड्यासाठी पाचच चौकटी होत्या आणि आकडा सहाचा. खिडकीतल्या कारकुनाने न बघताच सांगितलं की शेवटचा आकडा सोडून द्या, सगळे तसंच करतात. हे कुणाला सांगतोय याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती. शेवटचे आकडे सोडणाऱ्यांच्या मागे तपासनीसांनी हयात घालवली होती. त्यांनी खिडकीत हात ठेवून सांगितलं की मी खोटा आकडा लिहिणार नाही. मागे रांग वाढत होती. कारकून म्हणाला, मग चौकट आणा. तपासनीस म्हणाले, तुम्ही द्या. वाद साहेबांच्या टेबलापर्यंत गेला, तिथून दुसऱ्या मजल्यावर, तिथून पुन्हा खिडकीत. शेवटी बाईंनी नवऱ्याच्या हातातून पेन घेतलं, पाचव्या चौकटीत बारीक अक्षरात दोन आकडे बसवले, वर्गातल्या पोरांच्या वह्या वर्षानुवर्षं तपासलेला हात तो, आणि कागद आत सरकवला. कारकुनाने शिक्का मारला. एकही आकडा सुटला नव्हता. तपासनीसांनी बाहेर आल्यावर बायकोकडे ज्या नजरेने बघितलं तसं त्यांनी बहुतेक लग्नातही बघितलं नव्हतं.

पहिल्या तारखेला सकाळी तपासनीस खाली आले ते पाण्याची बाटली घेऊन. बाईंनी नवी साडी नेसली होती. सर्वज्ञ गॅलरीतून चढ कितव्या गियरवर घ्यायचा ते सांगत होते. तपासनीसांनी बॉनेटवर हात ठेवला, गार होतं, समाधानाने मान हलवली आणि बाजूचं दार उघडायला गेले. बाईंनी आतून विचारलं, अहो, तुम्ही कुठे? पहिल्या दिवशी मुख्याध्यापिकेला कुणी शाळेत सोडायला येतं का? तपासनीस थबकले. मग त्यांनी दार लावलं, बाटली खिडकीतून आत दिली, आणि वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत दोघंही थांबले. दिवा विझला. बाई गेल्या. गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली तरी ते तिथेच उभे होते, आणि सर्वज्ञ अजून गियर सांगत होते.

तो दिवस त्यांना ऑफिसात जड गेला. चढ, वळणं, क्लच, बेल्ट. एका घरी मीटर चक्क उलटं फिरत होतं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. संध्याकाळी ते लवकर घरी आले. फोन करावा तर ती चालवत असेल. टीव्ही लावला, बंद केला. ऊन गेलं, खालचे दिवे लागले. मुलगी म्हणाली, बाबा, बसा ना. ते बसले नाहीत. भाजी संपलीय असं सांगून पिशवी न घेताच खाली उतरले.

गाडी जागेवर उभी होती. हे जिन्याने उतरत होते तेवढ्यात बाई येऊन लिफ्टने वर गेल्या, ते यांना कळलंच नव्हतं. इकडेतिकडे कुणी नाही असं बघून तपासनीस पुढे झाले आणि सवयीने बॉनेटवर हात ठेवला.

बॉनेट गरम होतं. नुकतंच आलेलं, निवत असलेलं, चांगलं कढत. इतके दिवस त्यांनी अशा बॉनेटवरून हात झटकन मागे घेतला होता. आज घेतला नाही. बायको डोंगरापलीकडे गेली होती आणि धडधाकट परत आली होती, आणि याहून पक्का दाखला त्यांना कुठे मिळणार होता? तळहात भाजायला लागला तरी ते तसेच उभे राहिले.

वरून बाईंची हाक आली, “अहो, किती वेळ? आमटी निवतेय.”

“निवू दे जरा,” तपासनीस म्हणाले, आणि आणखी थोडा वेळ तिथेच थांबले.